बाकूचे मास्तर आणि आगीवरचा फेस

विज्ञानाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत सोडा-आम्ल अग्निशामकाची आकृती हमखास असे. नळकांड्यात सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण, वर सल्फ्युरिक आम्लाची कुपी आणि ती फोडणारी खुंटी. ‘कार्बन डायऑक्साइडमुळे आग विझते’ असे लिहून मुले गुण मिळवीत. खरे तर या यंत्रात वायूचे काम मुख्यतः हमालाचे! बंद नळकांड्यात त्याचा दाब वाढतो, द्रावण जोराने बाहेर फेकले जाते. आग विझवते ते पाणी. फ्रान्समध्ये कार्लिए याने १८६६ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. त्याआधी इंग्लंडमधील कॅप्टन मॅन्बी याच्या तांब्याच्या भांड्यात हेच ढकलण्याचे काम दाबलेली हवा करी.

लाकूड, कागद, कापड यांना पाणी पुरते, कारण ते उष्णता काढून घेते. पण पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर? पाण्याहून हलके असलेले तेल तरंगते आणि जळत जळत पसरते. त्यातून तेल फार तापलेले असेल तर तळाशी गेलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सुमारे १७०० पट. ती पेटते तेल चहूकडे उडवते. घरातल्या कढईलाही हाच नियम लागू आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कास्पियन समुद्राकाठचे बाकू हे जगातील तेलाचे फार मोठे केंद्र होते, आणि तेथील आगी विझवणे जवळजवळ अशक्य असे. तेथे शिक्षक असलेल्या अलेक्सांद्र लोरान यांनी यावर विचार केला. तेलावर तरंगेल असे काय? फेस! सोडियम बायकार्बोनेट आणि ॲल्युमिनियम सल्फेट यांची द्रावणे एकत्र केली की कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यात ज्येष्ठमधाचा अर्क घातला की बुडबुडे टिकतात. १९०२-०३ मध्ये प्रयोग झाले, १९०४ मध्ये पेटंट. येथे वायू बुडबुड्यात कोंडलेला राहतो, आणि फेसाची साय तेलाची वाफ व हवा यांची गाठच पडू देत नाही. (शाळेत तुरटी, खाण्याचा सोडा आणि थोडे साबणाचे पाणी घेऊन हा फेस करता येतो, आगीवर मात्र वापरून पाहू नये.)

तरीही फेस म्हणजे शेवटी पाणीच. विजेच्या चालू तारेवर तो मारला तर प्रवाह विझवणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून १९१०च्या सुमारास अमेरिकेत वीजवाहक नसलेला कार्बन टेट्राक्लोराइड आला. हातपंपाने फवारायचा, मोटारीतही मावणारा. त्याची वाफ यकृताला घातक. शिवाय तापलेल्या धातूवर त्यापासून फॉस्जीन तयार होतो, पहिल्या महायुद्धात माणसे मारण्यासाठी वापरलेला वायू. पुढे त्याची जागा हॅलॉनने घेतली. हॅलॉनमधील ब्रोमीन ओझोनच्या मुळावर उठतो असे कळले आणि मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांनी १९९४पासून त्याचे उत्पादन थांबवले. जुन्या साठ्यातला हॅलॉन विमानांत मात्र अजूनही वापरला जातो.