डिकीतला बॉम्ब आणि पडद्यावरची नावं

आमच्या बाबांना सिनेमाची नावं मोठ्यानं वाचायची सवय होती. छायालेखन, संकलन, वेशभूषा... काही सुटायचं नाही. ऑर्सन वेल्सचा 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) मी पहिल्यांदा पाहिला तो असाच, बाबांच्या वाचनासकट. त्या सुरुवातीची एवढी ख्याती का, हे तेव्हा काही केल्या कळलं नाही.

प्रसंग साधाच. मेक्सिकोच्या सीमेवरचं गाव, रात्र. एक माणूस टाइम बॉम्बची किल्ली फिरवतो, तो एका गाडीच्या डिकीत ठेवतो आणि पळतो. गाडीत एक बडी असामी आणि तिची मैत्रीण येऊन बसतात. गाडी निघते. बॉम्बपासून सुरू झालेला कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ एकदाही न तुटता फिरत राहतो. मध्येच एक नवविवाहित जोडपं चालत येतं. मेक्सिकन अधिकारी व्हार्गास (चार्लटन हेस्टन) आणि त्याची अमेरिकन बायको सूझी (जॅनेट ली). गाडी कधी त्यांच्या पुढे, कधी मागे, कधी शेळ्यांमुळे अडकलेली.

नाक्यावरचा शिपाई व्हार्गासला ओळखतो, अमली पदार्थांच्या टोळीबद्दल विचारतो. म्हणजे हा कोण, हे आपल्याला कळलं. गाडीतली बाई म्हणते, डोक्यात टिकटिक ऐकू येतेय. तिच्याकडे कोणी लक्षच देत नाही! गाडी सीमा ओलांडते. नवरा-बायको जवळ येतात, आणि स्फोट. पुढच्या क्षणी व्हार्गास बायकोला सोडून आगीकडे धावतो. सगळा सिनेमा इथेच आहे बघा. बॉम्ब एका देशात ठेवला, फुटला दुसऱ्या देशात, आणि कर्तव्याला धावणाऱ्या नवऱ्याची बायको प्रत्येक संकटात एकटी.

पण युनिव्हर्सल स्टुडिओनं या दृश्यावर श्रेयनामावली चढवली आणि हेन्री मॅन्सिनीचं जोरकस संगीत लावलं. संकलन वेल्सच्या हातून आधीच गेलं होतं. स्टुडिओची प्रत पाहून त्यानं डिसेंबर १९५७ मध्ये ५८ पानांचं टिपण लिहिलं. त्याला तिथे हवे होते रस्त्याचे आवाज. प्रत्येक बारमधून येणारं वेगळं गाणं, गाडीतला रेडिओ. स्टुडिओनं बरंचसं ऐकलं नाही. वेल्स १९८५ मध्ये गेला. १९९८ मध्ये वॉल्टर मर्च या संकलकानं ते टिपण समोर ठेवून सिनेमा पुन्हा बांधला आणि नावं शेवटी नेली.

ही प्रत पुढे डीव्हीडीवर मिळाली. बाबा सवयीनं चष्मा लावून बसले. नावंच येईनात! मग गाडीच्या रेडिओचा आवाज जवळ यायचा, लांब जायचा, आणि तो जवळ आला की बाबा खुर्चीत मागे सरकायचे. जोडपं गाडीजवळ थांबलं तेव्हा म्हणाले, "अरे, पुढे चला ना!"

तेव्हा मला ती ख्याती कळली. पडद्यावर नावं असली की वाटतं, सिनेमा अजून सुरू व्हायचाय. नावं गेली की डिकीतलं गुपित एकट्या प्रेक्षकाला माहीत, आणि ते कुणाला सांगता येत नाही! थरारपट म्हणजे हेच ना? चित्रण तेच, माणसं तीच. ४० वर्षं त्यावर नुसती अक्षरं पसरली होती.

असो. शेवटी नावं आली. बाबांनी ती सगळी वाचली. मोठ्यानं.