पिवळ्या दिव्याचं कूळ

गॅरेजच्या दारात गाडी उभी करून आपण एका दमात सांगतो, "ब्रेक कमी लागतायत, आणि एबीएसचा दिवा पेटलाय." ऐकणारा दोन्ही मिळून एकच दुखणं समजतो आणि कामाला लागतो. माझ्या पंधरा वर्षं जुन्या गाडीचं मागच्या पावसाळ्यात असंच झालं. मेकॅनिकनं पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर बदलला, दिवा विझला, मी निर्धास्त झालो. आंबेनळी घाटाच्या उतारावर पेडल दाबून धरलं तर ते पायाखाली हळूहळू तळाला गेलं. दुसऱ्या गिअरमध्ये, एक हात हॅन्डब्रेकवर ठेवून, जीव मुठीत धरून पोलादपूर गाठलं.

तेव्हापासून मी या दोन तक्रारींच्या मुळाशी जायला लागलो. पेडल हे घोडागाडीच्या घराण्यातलं. दिवा आगगाडी आणि विमानाच्या घराण्यातला. दोघांची सोयरीक जुळली ती १९७८ साली, त्याआधी त्यांचा एकमेकांशी फारसा संबंधच नव्हता.

पेडलचं कूळ आधी बघू. सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक म्हणजे चाकाच्या धावेवर दाबला जाणारा ठोकळा, घोडागाडीला असायचा तसाच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेल्या. शंभरावर किलोमीटरचा रस्ता, वाटेत डोंगर. उतारांवर ठोकळे झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. आज आपण ज्याला लायनर म्हणतो, त्याची ही सुरुवात. दहाएक वर्षांनी इंग्लंडात डर्बीशायरच्या चढउतारांवर हर्बर्ट फ्रूड यांनी गाडीवानांना ब्रेकच्या ठोकळ्यात जुने बूट कोंबताना पाहिलं आणि घर्षणासाठी खास वस्तू बनवायचं त्यांच्या मनात आलं, असं सांगतात. त्यातून १८९७ साली फेरोडो ही कंपनी निघाली. फ्रूड या नावाची अक्षरं उलटसुलट करून, पत्नी एलिझाबेथच्या नावातला 'ई' त्यात घालून ते नाव केलेलं आहे. पुढे लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस आलं आणि कित्येक दशकं राहिलं. त्याची धूळ फुफ्फुसांचा घात करते. म्हणून कोणताही जुना ड्रम उघडल्यावर आतली काळी भुकटी हवेच्या नळीनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. गॅरेजातल्या पोराला ती उडवताना पाहिलं की मला राहवत नाही.

ब्रेकचे दोन प्रकार, ड्रम आणि डिस्क, ही जवळजवळ जुळी भावंडं. १९०२ मध्ये फ्रान्सात लुई रेनॉ यांचा ड्रम आला आणि त्याच वर्षी इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्कचं पेटंट घेतलं. ड्रम लगेच रुजला, डिस्कला मात्र अर्धशतक थांबावं लागलं. १९५३ ची ल माँची शर्यत डनलॉपच्या डिस्क लावलेल्या जॅग्वारनं जिंकली, तेव्हा कुठे जगाचे डोळे उघडले. आपल्याकडे कुर्ल्याला बनणाऱ्या पद्मिनी मोटारीच्या चारही चाकांना ड्रमच होते.

पण पायाचा जोर चाकापर्यंत पोचवायचा कसा? सळ्या आणि केबल यांनी तो चारही चाकांना सारखा पोचेना, गाडी एका बाजूला ओढायची. माल्कम लॉकहीड यांनी १९१७ साली तेलाच्या दाबानं चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्गमध्ये चारही चाकांना तसे ब्रेक आले. सुरुवातीचे सील चामड्याचे होते आणि ते गळायचे. १९२४ च्या क्रायस्लरमध्ये रबरी सील आले, तेव्हा गळती आटोक्यात आली. हेन्री फोर्ड मात्र १९३९ पर्यंत तेलावर विसंबायला तयार नव्हते. माझ्या गाडीचं पेडल बुडत होतं ते याच रबरी सीलपायी. मास्टर सिलिंडरच्या आतलं सील झिजलं की तेल बाहेर एक थेंबही सांडत नाही, आतल्या आत मागे सरकतं. बाटलीतली पातळी जिथल्या तिथे आणि पेडल मात्र खाली खाली. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

पेडल बोलतं, ऐकणारा हवा. भराभर दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल आणि स्पंजासारखं लागत असेल, तर पाइपात हवा आहे. दगडासारखं कडक लागत असेल तर बूस्टर किंवा त्याची व्हॅक्युमची नळी. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा पेडल मारा, पाय दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली बसलं, तर बूस्टर जिवंत आहे. घाट उतरल्यावरच ब्रेक जात असतील, तर तेलात पाणी शिरलंय. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ३ प्रतीचं नवं तेल २०५ अंशांच्या आधी उकळता कामा नये. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० वर येते. कोकणातल्या हवेत दर दोन वर्षांनी ते बदलायला हवंच.

आता दिव्याचं घराणं. आगगाडीचं चाक अडकून रुळावर घसरत गेलं की एका जागी चपटं होतं, म्हणून चाक अडकू न देण्याची चिंता रेल्वेत जुनी. विमानांचं दुखणं त्याहून मोठं, उतरताना चाक अडकलं की टायरच फाटायचा. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डनलॉपनं मॅक्सारेट नावाचं यंत्र आणलं. चाकाबरोबर फिरणारा छोटा ड्रम आणि त्यात एक जड चाकती. विमानाचं चाक एकदम मंदावलं तरी चाकती आपल्या वेगात पुढे जाई, तेवढ्यानं झडप उघडे आणि दाब सुटे. त्यात इलेक्ट्रॉनिक असं काहीही नव्हतं. १९६६ च्या जेन्सन एफएफ या मोटारीत तेच बसवलं गेलं.

पुढचं काम जर्मनीत झालं. चाक अडकू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा, म्हणजेच एबीएसचा, टेल्डिक्स कंपनीत सुरू झालेला प्रकल्प बॉशनं पुरा केला आणि १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासला तो मिळाला. आधीच्या प्रयोगांत हजाराच्या आसपास सुटे भाग लागत, डिजिटल पद्धतीत ते १४० वर आले. दिव्याची गरज इथे पडली. हे यंत्र ब्रेकचा दाब सोडू शकतं, मग तेच बिघडलं तर? म्हणून शंका येताच त्यानं स्वतःहून बाजूला व्हायचं, साधे ब्रेक चालू ठेवायचे आणि चालकाला तसं कळवायचं, असं ठरलं. पिवळ्या दिव्याचा अर्थ तेवढाच. लाल दिवा याच्याहून वयानं मोठा. अमेरिकेत १९६७ नंतर दुहेरी मास्टर सिलिंडर आले, दोन शाखांपैकी एकीचा दाब गेला की तो पेटे. आज तो कमी तेलाचीही सूचना देतो. दोन्ही दिवे एकदम पेटले, तर गाडी पुढे नेऊच नका, मागची चाकं आधी अडकून गाडी फिरू शकते.

१९९० च्या दशकातल्या कित्येक जपानी गाड्यांत तपासणीच्या सॉकेटातल्या दोन पिना तारेनं जोडल्या की पिवळा दिवा ठरावीक वेळा लुकलुकायचा आणि मेकॅनिक ते मोजून बिघाड ओळखायचा. आता स्कॅनर आला. पण स्वस्तातला स्कॅनर बहुधा इंजिनापुरताच असतो, एबीएसची स्मृती त्याला वाचता येत नाही. आणि चांगल्या स्कॅनरनंही 'पुढचा उजवा सेन्सर' असं सांगितलं, तर त्याचा अर्थ त्या चाकाकडून येणारा संकेत बिघडलाय एवढाच. वायर, बेअरिंगची ढिलाई, सेन्सर ज्याचे दात मोजतो ते दातेरी कडं, कशानंही तो बिघडतो.

माझ्या गाडीत कडंच होतं. नवा सेन्सर बसवून आठ दिवस झाले नाहीत तोच दिवा परत पेटला होता. महाडच्या वयस्कर मिस्त्रींनी चाक काढलं, बॅटरीच्या उजेडात ॲक्सल हातानं सावकाश फिरवला आणि एका जागी बोट ठेवलं. कड्याखाली गंजाचा थर फुगून केसाएवढी चीर पडली होती. तिथे दोन दातांमधली फट बाकीच्यांपेक्षा जास्त झाली होती. सेन्सरला वाटायचं, चाक क्षणभर अडकलं. सिग्नलला थांबायच्या अगदी आधी पेडल टरटरत पायाला मागे ढकलायचं आणि गाडी वीतभर पुढे सरकायची, त्याचा उलगडा तेव्हा झाला. दिव्याचा दोष पेडलमध्ये उतरला होता तो एवढाच, बाकी पेडलचं दुखणं त्याचं स्वतःचं होतं. मिस्त्रींनी आधी मास्टर सिलिंडर बदलला. "दादा, दिव्याचं उद्या बघू. आज थांबायची सोय करू," म्हणाले.

आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं झालं. त्याच्या आधीच्या गाड्या आता जुन्या बाजारात येतायत आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत एबीएस आहे. अशी गाडी बघायला गेलात तर किल्ली फिरवून नुसतं समोर बघा. पिवळा दिवा पेटून दोन-चार सेकंदांत विझायला हवा. तो पेटलाच नाही, तर बल्ब कुणीतरी काढून ठेवलेला असू शकतो.