पिठाचा कोंबडा आणि दोन मुलं

गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझी भाची आमच्याकडे नारायणगुड्याला राहायला आली. वय सतरा. सोलापूरहून तिला इथं इंटरसाठी आणून हॉस्टेलवर ठेवलं होतं. चार महिन्यांत तिनं आधी वर्गात जाणं सोडलं, मग जेवण, मग बोलणं. भाऊ आला, तिची पेटी आमच्या दारात ठेवली आणि म्हणाला, "ताई, थोडे दिवस ठेव. कुणाला काही सांगू नकोस."

मंदिरात बायका विचारायच्या. मी सांगायचे, "हॉस्टेलचं पाणी मानवलं नाही तिला. पोट दुखतं." सोलापूरला माझ्या आईलाही भावानं तेच सांगितलं. आईनं काढा पाठवला आणि नातीचं पोट बरं होईपर्यंत एकाशन धरलं. ब्याऐंशीव्या वर्षी.

मुलगी बोलत नव्हती, पण वाचत होती. आबिड्सच्या रविवारच्या जुन्या बाजारातून तिनं पुस्तकं आणली. मी चाळली तर ओळी आखूड, पानं अर्धी कोरी. मला वाटलं कविता. "कादंबरी आहे आत्या, पण कवितेत." आठवड्यातलं ते तिचं पहिलं पूर्ण वाक्य.

अमेरिकेत ही तऱ्हा गेली तीसेक वर्षं चांगली रुजली आहे. कॅरन हेस यांची ‘आउट ऑफ द डस्ट’ १९९७ ची. दुष्काळ आणि धुळीच्या वादळांच्या काळातली ओक्लाहोमातली चौदा वर्षांची मुलगी, भाजून गेलेली आई, मुका झालेला बाप. एलन हॉपकिन्स यांची ‘क्रँक’ २००४ ची. लेखिकेची स्वतःची मुलगी नशेच्या नादी लागली होती, आणि आईनं ती गोष्ट मुलीच्या तोंडून लिहिली. एलिझाबेथ असेवेडो यांच्या ‘द पोएट एक्स’मध्ये आई मुलीची कवितांची वही जाळते. सगळीकडे घर बिघडलेलं आणि सांगणारं मूल.

आम्ही बी. ए. ला खंडकाव्य शिकलो होतो. कवी गिरीशांचं ‘अभागी कमल’ १९२३ चं. त्यात कमलवर कवी रडतो, आपणही रडतो. पण ‘मूल सांगतंय आणि मोठी माणसं ऐकतायत’ असं काही आपल्याकडे आहे का, हा विचार डोक्यात घोळत राहिला. आणि एकदा कणीक मळताना आठवलं, अगं, यशोधराची गोष्ट!

पाठशाळेत ही आपण सगळ्याजणींनी ऐकली आहे. पिठाचा कोंबडा मारला तरी केवढं पाप, कारण मारण्याचा संकल्प झाला. बस, एवढंच सांगून आपल्याला घरी पाठवायचे. पण मूळ काव्यात गोष्ट सुरू कुठं होते? राजपुरात मारिदत्त राजाला आकाशातून फिरण्याची सिद्धी हवी असते. त्यासाठी चंडमारी देवीपुढं प्रत्येक प्राण्याची जोडी बळी द्यायची. माणसांची जोडी तेवढी उरते. शिपाई भिक्षेला निघालेल्या दोन कोवळ्या भावंडांना धरून आणतात: अभयरुची आणि अभयमती. पूर्ण दीक्षा घेण्याचंही वय नाही, म्हणून क्षुल्लक. राजा तलवार घेऊन उभा. मुलं रडत नाहीत, हे बघून तो विचारतो, "तुम्ही कुणाची?" आणि मुलगा आपल्या घराची गोष्ट सांगायला लागतो. पुढचं जवळजवळ सगळं काव्य त्या मुलाच्या तोंडचं आहे.

उज्जैनीचा राजा यशोधर. एका रात्री त्याला दिसतं, राणी अमृतमती उठून कुबड्या माहुताकडे जाते. उशीर झाला म्हणून तो तिला मारतो, तरी ती जाते. (या अमृतमतीला हजार वर्षं सगळे कवी शिव्या घालत आले. राजवाड्यात तिला काय कमी होतं, हे मात्र कुणी तिला विचारलं नाही.) सकाळी यशोधराला संसार नकोसा होतो. पण आईला तो खरं कारण सांगत नाही. "वाईट स्वप्न पडलं," म्हणतो. आई घाबरते. स्वप्नाची शांती करायला देवीला पशू दे म्हणते. तो नाही म्हणतो, ती हटून बसते, शेवटी तडजोड: पिठाचा कोंबडा. पुढं अमृतमती दोघांनाही विष घालते, आणि मायलेक जन्मोजन्मी एकमेकांच्या वाटेत येतात. तो मोर, ती कुत्रा, आणि कुत्रा मोराला मारतो. तो मासा, ती मगर. शेवटी दोघं कोंबडे होतात. यशोधराचाच मुलगा राजा यशोमती, आपला नेम राणीला दाखवायला, नुसत्या आवाजावर बाण सोडून त्यांना मारतो. आणि ते त्याच राणीच्या पोटी जुळे म्हणून येतात. तिला सगळ्या जिवांना अभय द्यावं असे डोहाळे लागतात, म्हणून नावं तशी. म्हणजे ज्या घरानं ते लपवलं, त्याच घरात ती दोघं मुलं होऊन परत आली.

मला या खेपेला वाचताना कोंबड्यापेक्षा ते स्वप्न टोचलं. न पडलेलं स्वप्न, आणि त्यावरचा आईचा खराखुरा उपाय.

आता ऐका, ही गोष्ट लिहिली गेली कुठं. सोमदेवसूरींनी ‘यशस्तिलक’ पुरं केलं शके ८८१ च्या चैत्रात, म्हणजे सन ९५९ मध्ये, गंगाधारा इथं. हे गंगाधारा म्हणजे आपल्या तेलंगणातल्या करीमनगर जिल्ह्यातलं, वेमुलवाड्याजवळचं गंगाधर. वेमुलवाड्याला तेव्हा चालुक्यांची एक शाखा राज्य करत होती; कन्नडचा आदिकवी पंप तिथल्याच दरबारातला. त्याच्या भावानं, जिनवल्लभानं, गंगाधरजवळच्या कुरिक्यालच्या टेकडीवर चक्रेश्वरीची मूर्ती आणि संस्कृत, कन्नड, तेलुगू अशा तीन भाषांतला लेख कोरवला. आपण दरवर्षी बस करून कुलपाकला जातो. कुरिक्यालला आपल्यापैकी किती जणी गेल्या असतील? मीही नाही. ‘यशस्तिलक’ गद्यपद्य मिसळून, आठ आश्वासांचं. पहिल्या पाचांत ही कथा, उरलेल्या तिनांत श्रावकांचा आचार. ‘उपासकाध्ययन’ म्हणून आपण स्वाध्यायाला वाचतो ते हेच शेवटचे तीन. कथा गळाली, नियम राहिले!

थोड्याच वर्षांनी पुष्पदंतांनी तीच कथा अपभ्रंशात, चार संधींत, सगळी पद्यात लिहिली: ‘जसहरचरिउ’. राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, मंत्री नन्न यांच्या आश्रयानं. मान्यखेट म्हणजे आताच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. ९७२ मध्ये माळव्याच्या सीयकानं ती राजधानी लुटली. पोथी टिकली. पुढं वि. सं. १३६५ मध्ये गंधर्व नावाच्या कवीनं एका श्रावकाच्या सांगण्यावरून तिच्यात मागचे जन्म आणि लग्नाचा थाट घातला, आणि घातल्याचं नावानिशी लिहून ठेवलं. १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी ती संपादित केली, आपल्या कारंजा ग्रंथमालेत. कन्नडमध्ये जन्न कवीनं १२०९ मध्ये लिहिली. त्यावरून गिरीश कर्नाडांचं ‘हिट्टिन हुंज’ हे नाटक. जुन्या मराठीत मेघराजाचा ‘जसोधर रास’ आहे. आणि ‘यशस्तिलका’वरचा कृष्णकांत हंदिकींचा मोठा इंग्रजी ग्रंथ १९४९ मध्ये निघाला तो सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून. ग्रंथकार आसामचे, प्रकाशन आमच्या माहेरगावचं.

हे सगळं मी भाचीला रात्री गच्चीवर सांगितलं. खाली नारायणगुड्याच्या उड्डाणपुलावरची वाहनं चाललेली. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे राजानं विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं."

"हो."

"आणि सांगून होईपर्यंत तो ऐकत राहिला?"

"ऐकलं. तलवार टाकली, बळीही बंद केले."

"आत्या, मंदिरात तू माझं पोट दुखतं म्हणून सांगतेस. मी ऐकलंय."

मला काही उत्तर सुचलं नाही. त्या रात्री तिनं हॉस्टेलचं सांगितलं. सगळं इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. दर आठवड्याला मार्कांचा कागद भिंतीवर लागायचा, आणि घरी फोन केला की भाऊ आधी नंबर विचारायचा, एवढं लिहिते. मीही पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं.

माघात तिला घेऊन सोलापूरला निघाले. मळखेड रोड स्टेशन आलं तेव्हा तिला उठवलं. बघण्यासारखं काही नव्हतं. फलाटावर एक कुत्रं आणि दोन माणसं. तरी ती गाडी पुढं सरकेपर्यंत खिडकीशी बसून होती.

घरी पोचलो तर आई एकाशनाला बसलेली, बारीक झालेली. भाऊ मला डोळ्यांनी खुणावत होता. पोरीनं पेटी खाली ठेवली आणि आजीच्या पाटाशेजारी जमिनीवर बसली.

"आजी, माझं पोट कधीच दुखत नव्हतं."

आईनं हातातला घास ताटात ठेवला. भावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाली, "मग काय दुखत होतं, बाई?"