कैद्याच्या पत्राची दोनशे वर्षे

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातले काही कैदी बाहेरच्या सधन लोकांना पत्रे लिहीत. मजकूर साधारण ठरलेला असे. आपण एका उमरावाचे नोकर; क्रांतीच्या धामधुमीत पळताना सोन्या-हिऱ्यांची पेटी पाण्यात टाकावी लागली; जागा ठाऊक आहे, पण आपण अटकेत आहोत. थोडी रक्कम पाठवा, पेटीत तुमचाही वाटा. स्वतः तुरुंगवास भोगलेला आणि पुढे पॅरिसच्या गुप्तहेर पथकाचा प्रमुख झालेला विदोक याने आपल्या आठवणींत हा धंदा नोंदवला आहे. शंभर पत्रांपैकी विसांना उत्तर हमखास येई, असे तो सांगतो.

पुढच्या शतकात हाच कैदी स्पेनच्या तुरुंगात जाऊन बसला. 1898 साली न्यूयॉर्क टाइम्सने या फसवणुकीची सविस्तर बातमी छापली, तेव्हाही ती जुनीच म्हणून ओळखली जात होती. पत्र परदेशी टपालाच्या पातळ, निळ्या, रेघांच्या कागदावर असे. इंग्रजी बऱ्यापैकी, पण एखादा शब्द चुकलेला, एखादी वाक्यरचना परकी. शिकल्यासवरलेल्या परदेशी माणसाने लिहिले आहे, असे वाटावे म्हणून.

या पत्रांचे खरे बळ खजिन्यात नव्हते, गुप्ततेत होते. कोणाजवळ बोलू नका, ही अट अशा पत्रांत असे. शिवाय खजिना सरळमार्गी नसल्याने पैसे पाठवणाराही मनातून चोरटा होई. घरच्यांना सांगायची सोय नाही आणि बुडाल्यावर पोलिसांकडे जायला तोंड नाही. भामट्याला संरक्षण मिळे ते सावजाच्या लाजेचे.

1980 च्या दशकात नायजेरियातून जगभर पत्रे निघू लागली. मग फॅक्स आले, मग ई-मेल. तिथल्या फौजदारी कायद्यातल्या कलमावरून या प्रकाराला '419' नाव पडले. कैद्याच्या जागी बडा अधिकारी किंवा सत्ताधाऱ्याची विधवा आली, पेटीच्या जागी बँकेत अडकलेले कोट्यवधी डॉलर. 'प्रोसेसिंग फी' भरली की वकिलाची फी, ती भरली की कर. हे ई-मेल इतके ढोबळ का, याचे उत्तर मायक्रोसॉफ्टचे संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी 2012 मध्ये मांडले : शंका घेणारे आधीच गळून पडतात आणि उरलेल्या भाबड्यांवरच मेहनत घ्यावी लागते. आपण हसून सोडून दिलेला ई-मेल आपल्यासाठी नव्हताच.

अलीकडच्या 'डिजिटल अरेस्ट'मध्ये लोभाची जागा भीतीने घेतली. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, असा फोन येतो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, बनावट वॉरंट येते. कॅमेरा बंद करायचा नाही, खोलीबाहेर जायचे नाही, मुलाला किंवा सुनेला सांगायचे नाही. चौकशीसाठी म्हणून आयुष्यभराची पुंजी दुसऱ्या खात्यात वळवून घेतली जाते. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. खुद्द पंतप्रधानांना ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये हे सांगावे लागले.

काळ बदलला, पण फसवणारा आजही सावजाला आधी एकटे पाडतो. म्हणून पैशाच्या बाबतीत कोणी 'कोणाला सांगू नका' म्हटले, की फोन ठेवून पहिल्यांदा घरात सांगावे, शेजारी विचारावे, बँकेत जाऊन बोलावे. पैसे गेलेच असतील तर लाजेत एक रात्रही घालवू नये. 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक याच कामासाठी आहे. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवता येते. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवता येण्याची शक्यता असते. आणि घरातले कोणी फसले, तर त्याला बोल लावण्याआधी तो क्रमांक फिरवावा.