नहपानाचे नाणे आणि त्रिरश्मीवरील चीवरदान

इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. ही नाणी क्षहरात वंशातील क्षत्रप नहपानाची होत. एका बाजूस राजाचे मुख व ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस बाण आणि वज्र, सोबत ब्राह्मी व खरोष्ठी लेख. मिलिंदपञ्हातील मिलिंद राजाच्या लहान चांदीच्या नाण्यांचेच वजन त्याने स्वीकारले. मुखाची धाटणी मात्र रोमन नाण्यांवरून घेतली असावी, असे काही तज्ज्ञ मानतात. ते संभवनीय आहे. रोमन सोन्याचांदीची नाणी भरुकच्छ बंदरात नफ्याने बदलली जात, असे 'पेरिप्लस' ग्रंथ सांगतो.

या पैशाचे काय होत असे, हे नहपानाचा जावई उषवदात याच्या त्रिरश्मी लेण्यातील लेखावरून कळते. वर्ष ४२ मध्ये त्याने भिक्खुसंघास लेणे दिले आणि ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी ठेवली. पैकी २,००० गोवर्धनातील कोष्ट्यांच्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही. व्याजातून वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. हिशेब करून पाहावा: वर्षाचे व्याज २४०, आणि वीस बारे २४०. एक कवडीही शिल्लक नाही. भिक्खूंच्या अंगावरील वस्त्र विणकरांच्या पतीवर उभे होते, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही राजाच्या प्रशस्तीपेक्षा मोलाची वाटते.

मात्र उषवदातास बौद्ध राजपुरुष ठरविण्याची घाई नको. त्याच्याच लेखांत देवब्राह्मणांना दिलेले ७०,००० कार्षापणही नोंदलेले आहेत.

पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचे राज्य जिंकले. जोगळटेंभीच्या साठ्यातील सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर त्याने आपला छाप मारला. नाणी वितळविली नाहीत. कित्येक नाण्यांवर सातकर्णीच्या नावाखालून नहपानाचे नाक-डोळे आजही दिसतात. छापातील तीन कमानींच्या आकृतीस 'चैत्य' म्हणण्याची रीत आहे. आपल्यापैकी अनेकांना त्यात स्तूप दिसतो. पुष्कळ तज्ज्ञ तिला पर्वत मानतात. तेवढ्या आधारावर सातकर्णीस धम्मानुयायी म्हणता येणार नाही. त्याच्या मातेचा, गौतमी बलश्रीचा, लेख त्याला 'एकब्राह्मण' आणि चातुर्वर्ण्याचा संकर थांबविणारा म्हणून गौरवितो. आणि आश्चर्य असे की, तोच लेख भदायनीय भिक्खूंना लेणे दान केल्याची नोंद करतो!

हा सत्तासंघर्ष कन्हानकाठच्या वाचकांनी दूर पश्चिमेचा समजू नये. कन्हान ज्या वैनगंगेला मिळते, तिच्याच तीरावरील पवनी या स्तूपांच्या गावी महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ मिळाला आहे.

विजयानंतर, वर्ष १८ मध्ये, सातकर्णीने पूर्वी उषवदाताकडे असलेले २०० निवर्तनांचे शेत त्रिरश्मीवरील भिक्खूंना दिले. वर्ष २४ चा लेख सांगतो की, ते शेत कसले जात नाही आणि गावही ओस पडले आहे. म्हणून राजा व राजमाता यांनी त्याऐवजी नगरसीमेवरील राजशेतीतून १०० निवर्तने दिली.