नासासंधान आणि कात : पुण्याजवळील एका शस्त्रकर्माचा पुनर्विचार

इ. स. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'मध्ये एक पत्र प्रसिद्ध झाले. इंग्रजांच्या लष्करातील कावसजी नावाचा बैलहाक्या टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळील एका कुंभाराने त्याच्या कपाळाच्या त्वचेतून नवे नाक घडविले. (पत्रात त्यास मराठा म्हटले आहे, नाव मात्र पारशी वळणाचे आहे.) मुंबई इलाख्यातील क्रूसो व फिंडले या शल्यवैद्यांनी अशी शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली होती.

या घटनेचा उल्लेख करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा कपाळावरील मेणाच्या साच्याकडे व छेदाच्या कौशल्याकडे जाते. वस्तुतः पत्रातील अधिक मोलाचा भाग शस्त्रकर्मानंतरच्या उपचाराचा होय. दोन भुवयांमधील त्वचेची पट्टी न तोडता ठेवलेली असे. तिच्यातून रक्ताभिसरण चालू राही, आणि ती सुमारे पंचविसाव्या दिवशीच तोडली जाई. सांध्यावर पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवीत व चार दिवस दुसरे काही लावीत नसत. त्यानंतर तुपात भिजविलेली फडकी येत. रोग्यास पाच-सहा दिवस उताणे निजवीत. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत.

रोगजंतूंची कल्पनाही नसलेल्या काळात ही पद्धती का फलद्रूप झाली असावी? कातातील कषाय द्रव्ये प्रथिनांना गोठवितात, स्राव कमी करतात, आणि सुकलेला लेप कडा जागच्या जागी धरून ठेवतो. जखम वरचेवर न उघडणे हाही त्यातील लाभ. सुश्रुताने नासासंधानात ज्येष्ठमधादिकांचे चूर्ण, कापूस व तिळतेल सांगितले आहे. त्यात कात नाही. म्हणून कुंभाराची रीत ग्रंथापासून जशीच्या तशी उतरली, असे मानणे घाईचे ठरेल.

कात खैराच्या गाभ्यापासून निघतो. गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळून तो रस आटवितात. या उद्योगावरूनच कातकरी जमातीचे नाव पडले. नाणेघाटाच्या पायथ्याचे वैशाखरे, तसेच मुरबाड व शहापूर तालुक्यांतील रानांचा टापू त्या जमातीच्या वस्तीचा आहे; सातवाहनकालापासून नाणेघाट हा कोकण व जुन्नर यांना जोडणारा व्यापारमार्ग होता. पुण्याच्या कुंभाराचा कात याच वाटेने आला, असे पत्र सांगत नाही. परंतु शल्यकर्माच्या इतिहासात काताचा विचार करताना तो काढणाऱ्यांस वगळण्याचे कारण नाही.

जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनला ही पद्धती अवलंबिली व १८१६ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे इजिनियो तान्सिनी याने १९०६ मध्ये स्तनच्छेदनानंतरची जखम झाकण्यासाठी पाठीची त्वचा घेतली, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला : केवळ त्वचा घेतल्यास तिचे टोक मरते. म्हणून त्याने खालचा स्नायूही सोबत उचलला. कुंभाराने भुवयांमध्ये राखलेली पट्टी आणि तान्सिनीचा स्नायू यांचे प्रयोजन एकच आहे. आजही स्तनपुनर्रचनेनंतर शल्यवैद्य प्रथम पाहतात ते त्वचेच्या कडेचा रंग आणि तिची ऊब.