लुकलुकणाऱ्या दिव्याचे दप्तर
ज्याला आपण आज डॅशबोर्ड म्हणतो, तो मुळात घोडागाडीच्या पुढ्यात, टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून ठोकलेला एक निव्वळ फळा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या पुढील उत्कर्षाचे कौतुक वाटते. मोटार आली, आणि तेलाचा दाब व विद्युत्प्रवाह यांची हकीकत काटे सांगू लागले. परंतु काटे वाचण्याची तसदी घेणारे थोडे, म्हणून अमेरिकेतील हडसन कंपनीने १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या जागी दिवे बसविले, ज्यांना जाणत्यांनी पुढे उपहासाने ‘मूर्खांचे दिवे’ असे नाव दिले. कारण काटा संकटाची चाहूल देई, दिवा मात्र संकट दारात उभे राहिल्यावरच वर्दी देई. क्षणभर लागून विझणारा दिवा तर अधिकच फसवा; तार सैल झाली की खरोखर बिघाड आहे, याचा निवाडा सर्वस्वी कारागिराच्या तर्कावर अवलंबून असे. १९९६ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना सक्तीच्या झालेल्या स्वयंनिदान पद्धतीने या चंचलतेचे रीतसर दप्तर ठेवले: दोष सलग ३ प्रवासांत पुन्हा न आढळल्यास दिवा साधारणतः मालवतो, पण त्याची नोंद इंजिन सुमारे ४० वेळा तापेपर्यंत स्मृतीत राहते. सारांश, दिवा विझणे म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. ती केवळ तहकुबी होय.